रबरी बोटीचे आठ पट्टे

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. तोंडावर ‘तुमी’ म्हणते आणि पाठीमागे सहदेव. चौतीस वर्षं संसार केलाय, तेवढा हक्क मला पोचतो.

सहदेव म्हणजे काय चीज आहे ते आधी सांगते. याचा बाप शिडं शिवायचा. मालवणच्या किनाऱ्यावर त्याच्या शिडांना मान होता म्हणतात. असेल, मी काही बघितला नाही. मी लग्न होऊन या घरात आले तोवर होड्यांना इंजिनं बसली होती आणि शिडाचं कापड आमच्या माळ्यावर उंदीर कुरतडत होते. शहाण्या माणसाने तेव्हाच दुसरा धंदा बघितला असता. याच्या बरोबरीचे कोण मुंबईला गोदीत लागले, कोणी ट्रॉलर घेतला, एकाने तर बाजारात खानावळ काढली. हा मात्र शिवतच राहिला. शिडं गेली तर ताडपत्र्या शिवल्या. ताडपत्र्या दुकानात तयार मिळायला लागल्या तर रिक्षांच्या सीटा शिवल्या. सुई-दोऱ्याबाहेर जग आहे, हे याच्या गावीच नाही. घर चाललं ते माझ्या अंगणवाडीवर, आणि हे मी त्याला आठवड्यातून एकदा तरी ऐकवते. तो ऐकतो, मान डोलावतो आणि दोरा ओवतो. अशा माणसाशी भांडण तरी काय करायचं?

मग पर्यटक आले. पाण्याखालचे मासे बघायला येतात म्हणे. आम्ही जन्मभर पाण्याबाहेरचे मासे बघितले, त्याचं कोणाला कौतुक नाही. त्यांच्यासाठी रबरी बोटी आल्या. तळाला कडक फायबर आणि भोवताली हवा भरलेली जाड ट्यूब, अशी ती बोट. लोक त्या ट्यूबवरच बसतात, कठड्यावर बसल्यासारखे. बोट लाटेवर उसळली की माणूस मागच्या मागे दर्यात. म्हणून तळाला पट्टे लावतात. पट्ट्यात पाऊल अडकवायचं आणि बसायचं. पट्ट्याची दोन्ही टोकं तळाला चिकटवावी लागतात, कारण भोक पाडलं तर पाणी आत शिरतं. हे काम सहदेव शिकला. कोणाकडून ते देव जाणे. पण चांगलं शिकला, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं. ‘सहदेवान चिकटवलेला सुटना नाय’ असं बंदरावर म्हणायला लागले आणि याची छाती, जेवढी होती तेवढी, फुगली.

त्या कामाने त्याचं नाक मात्र मेलं. चिकटवायच्या सोल्युशनचा वास इतका उग्र की डोक्यात जातो. पाच-सहा वर्षं तो वास घेऊन घेऊन आता याला दुसरा कसलाच वास येत नाही. एकदा बाजारातून बांगडे घेऊन आला, शेजारची मांजरंसुद्धा लांब बसली. तेव्हापासून मासे मीच आणते.

गेल्या श्रावणात जितेंद्र आला. हा आमच्याच वाडीतला. मुंबईत कुठल्याशा कंपनीत होता, तिथून परत आला तो एकदम शेठ होऊन. गॉगल डोळ्यांवर कमी आणि कपाळावर जास्त. कोणाची तरी वापरलेली छोटी रबरी बोट घेऊन आला होता. आठ माणसं बसवायची, आठ पट्टे पाहिजेत, सप्टेंबर संपायच्या आत पाहिजेत. बोट आमच्या खळ्यात, दारापुढच्या अंगणात, आणून ठेवली. माझी तुळस कोपऱ्यात गेली, कपडे वाळत घालायची दोरी गेली. सहदेवला काय त्याचं? तो बोटीभोवती असा फिरत होता की जसं घरात लग्नच निघालंय.

आधी मापं. कोणी म्हणेल पट्ट्याला काय माप लागतं? याला लागतं. वाडीतल्या येईल त्या माणसाला बोटीत बसवून तो पाय कुठे पडतो ते खडूने आखत होता. मलाही बसवलं. मी भर दुपारी साडी गुडघ्यापर्यंत धरून जमिनीवरल्या बोटीत बसले आणि रस्त्याने जाणारी रसिका विचारते, काकी, खंय चाललात? पट्टा पावलाच्या मध्यापर्यंतच यायला हवा, घोट्यापर्यंत जाता कामा नये, असं तो मला समजावत होता. बोट उलटली तर पाय आपोआप निसटला पाहिजे. ‘धरूक होयो, आणि सोडूक पण होयो,’ म्हणाला. एवढी अक्कल संसारात दाखवली असती तर बरं झालं असतं, असं मी म्हटलं. तो खडू झाडत बसला.

मग सुरू झालं हवेचं नाटक. ओल्या हवेत सोल्युशन धरत नाही. म्हणून रोज सकाळी सहदेव खळ्यात उभा राहून आभाळाकडे बघायचा आणि आत येऊन चहा मागायचा. ‘हवा ओली आसा. धरूचा नाय.’ असे अकरा दिवस. जितेंद्र फोनवर फोन करत होता, मी डोकं धरून बसले होते. गणपती आले, गणपती गेले. त्यानंतर एके दिवशी कडकडीत ऊन पडलं आणि आमचा राजा कामाला लागला.

पट्टे जिथे चिकटणार त्या सगळ्या जागा त्याने खरकागदाने घासून खरखरीत केल्या. मग कसल्याशा औषधाने पुसल्या. मला म्हणाला, हात लावू नको. हा माणूस मला घरातल्या प्रत्येक वस्तूबद्दल हात लावू नको म्हणतो, कात्रीपासून टीव्हीपर्यंत. मी कधीच ऐकलेलं नाही. औषध पुरतं उडून जाईपर्यंत तो पेज जेवायला आत बसला. याची पेज म्हणजे अर्धा तास.

आता माझं सांगते. माझी सासू काशीबाई, तिची एक रीत होती. खळ्यातून होडी पाण्याला जायची तर ती कोरडी जाऊ द्यायची नाही. माणसाचा पाय जिथे टेकणार तिथे घरच्या बाईने खोबरेलाचं बोट लावायचं, म्हणजे दर्या पाय घसरू देत नाही. तेलाने पाय घसरत कसा नाही, असं मी नवी असताना विचारलं होतं आणि शिव्या खाल्ल्या होत्या. सासू गेली तरी रीत मी मोडली नाही. आणि त्यात त्या घासलेल्या जागा. अंगणवाडीत पोरं पडतात, गुडघे सोलवटतात, मी खोबरेल लावते. हात सवयीनेच गेला. वाटी घेतली आणि सगळ्या जागांना, एकही न सोडता, नीट बोटाने तेल चोळलं. ऊन एवढं की तेल लगेच जिरलं. वाटी आत नेऊन ठेवली आणि याला ताक वाढलं.

सहदेव जेवून उठला आणि सोल्युशन कालवलं. एका वेळी थोडंच कालवतात, नाहीतर डब्यातच सुकतं. पहिल्या खेपेला तीन पट्टे बसवले, दुसऱ्या खेपेला पाच. दगड ठेवून दोन दिवस दाबून ठेवले. बोट गेली. माझी तुळस जागेवर आली.

तिसऱ्या दिवशी दुपारी जितेंद्र खळ्यात येऊन उभा. मागे अर्धी वाडी. त्याने हातातले पट्टे माझ्या पायरीवर आदळले. पाच होते. बोटीची चाचणी घ्यायला तो आणि त्याचा मेहुणा निकेत गेले होते. खडपाच्या खडकांजवळ लाटेवर बोट उसळली, निकेतच्या पायातला पट्टा तळापासून सुटला आणि निकेत हनुवटीवर आपटून पाण्यात गेला. पोहता येतं म्हणून वाचला. हनुवटीला चार टाके. मग जितेंद्रने बाकीचे पट्टे ओढून बघितले, तर आणखी चार हातात आले. तीन तेवढे घट्ट राहिले. हे सगळं त्याने वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. वर म्हणाला की ते तीन ठेवतो, बाकीच्या पाचांना गोव्याचा माणूस बोलावतो, आणि काकांनी यापुढे रिक्षांच्या सीटाच शिवाव्या.

सहदेवने एक पट्टा उचलला, उलटा केला. खालची बाजू गुळगुळीत होती. त्यावरून अंगठा फिरवला, नाकाशी नेला. ते मेलेलं नाक. मग पट्टा माझ्या हातात दिला.

‘गो, वास घी. तेलाचो येता काय सोल्युशनाचो?’

मी वास घेतला. खोबरेल. माझ्याच वाटीतलं, घाण्यावरून आणलेलं. एका क्षणात सगळं कळलं. आणि समोर अर्धी वाडी उभी. चौतीस वर्षं ज्यांच्यादेखत मी याला बिनकामाचा म्हटलं, तीच सगळी. रसिका होती, तिची सासू होती. मी पट्टा खाली ठेवला.

‘सोल्युशनाचो,’ मी म्हटलं.

त्याने विश्वास ठेवला. का ठेवणार नाही? नाक माझंच चालू होतं. तेल नाही म्हणजे दोष कालवण्याचाच, असं धरून तो जितेंद्रला म्हणाला, पाच पट्टे दुसऱ्या खेपेचे, ती खेप कालवताना माझंच चुकलं असणार. पहिली खेप बरी होती, म्हणून तीन टिकले. निकेतला भेटायला येतो, असंही म्हणाला. जितेंद्र गॉगल सावरत निघून गेला.

सहदेवने शिलाई मशीनवर चादर टाकली. सोल्युशनचे डबे मागच्या पडवीत नेऊन ठेवले. दुसऱ्या दिवशी निकेतकडे जाऊन आला. मग नुसता बसून. सकाळी खळ्यात उभं राहून आभाळाकडेसुद्धा बघेना. मला टोमणा मारायला जागा राहिली नाही. तरी एक मारलाच, की आता तरी सुतळ्या आवरा. तो उठला आणि सुतळ्या आवरायला लागला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तरी खरं सांगवेना. मेली लाजच एवढी मोठी, माझी.

रविवारी सकाळी आचऱ्याचा गंगाराम आला. त्याच्या बोटीची ट्यूब फाटली होती. सहदेवने त्याला दारातूनच परत पाठवलं. आवाज चढवला नाही, रागही नव्हता. ‘मी चिकटवतंय तां सुटता,’ एवढंच म्हणाला आणि आत येऊन भिंतीला टेकून बसला.

तेव्हा मात्र माझ्याने राहवलं नाही. त्याच्यासमोर बसले आणि सांगितलं. तेलाची वाटी, सासूची रीत, वास कसला होता ते. चौतीस वर्षांत मी त्याच्यासमोर इतकं हळू कधी बोलले नव्हते. मला वाटलं ओरडेल. वाटलं, निदान आता तरी एक शिवी देईल, मी खाईन.

‘आठय पट्ट्यांच्या जाग्यांर लावलंस?’

‘आठय.’

तो ताडकन उठला. ‘मगे ते तीन?’

मला कळायला वेळ लागला. तोवर तो चप्पल न घालता बाहेर पडला होता. चार दिवस मी माझं नाक कापलं जाईल म्हणून रडत होते, आणि ते तीन पट्टे बोटीत होते. रविवार होता. गोव्याच्या माणसाने बाकीचे पाच बसवून दिले होते आणि जितेंद्रची बोट पर्यटक घेऊन पाण्यात होती. माझ्या एका शब्दावर हा तीन पट्टे चांगले समजून बसला होता, आणि त्याच्यावर विसंबून जितेंद्र. मी पदर खोचला आणि त्याच्या मागे धावले. या वयात, भर रस्त्यातून.

जेटीवर पोचलो तेव्हा बोट किल्ल्यापलीकडून परत येत होती. वारा सुटला होता आणि ती लाटेलाटेवर आदळत होती. डोकी मोजता येत नव्हती. सहदेव दोन्ही हात वर करून हळू, हळू असा इशारा करत उभा होता. लांबून कोणाला दिसणार? मी देवाचं नाव घेत होते, पण खरं तर मनात स्वतःलाच शिव्या चालल्या होत्या.

बोट लागली. सगळे होते. पुण्याकडच्या एका बाईंनी पट्ट्यातून पाय काढला आणि मला म्हणाल्या, अहो, मी घाबरले होते, पण पट्टा चांगला घट्ट आहे. त्यांच्या शेजारी त्यांची सात-आठ वर्षांची मुलगी. तिचाही पाय पट्ट्यात होता.

माणसं उतरेपर्यंत सहदेव थांबला. मग बोटीत उतरला, खाली बसला आणि त्या मुलीच्या जागेचा पट्टा, आपल्या तिनांतला, दोन बोटांत धरून ओढला. सुकलेली साल निघावी तसा तो निघाला. जितेंद्रने तोंड उघडलं. काय बोलणार होता ते मला माहीत होतं, म्हणून मी आधी बोलले. जेटीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

‘तेल मी लावलंय. आठय जाग्यांर. आणि वास माका आयलो होतो. ह्यांची चूक नाय.’

जेटीवर कोणीतरी हसलं. हसू दे. सहदेवने माझ्याकडे बघितलंही नाही, तो दुसरा पट्टा ओढत होता. तोही आला. तिसरा मात्र निघेना. पाय रोवून ओढला तरी निघेना. सहदेवने खिशातून सुरी काढली आणि कापायला घेतला. जितेंद्र म्हणाला की हा खरोखरच घट्ट बसलाय, हा तरी राहू द्या.

‘घट्ट दिसता म्हणानच लोक भरवशान पाय घालतत,’ सहदेव म्हणाला.

एक टोक कापून झालं. मी बोटीत उतरले, त्याच्या हातातली सुरी घेतली आणि दुसरं टोक कापलं.