डबा गंगापूरला जाणार नाही

घरात झाकणं जशी जमतात, तसे किस्से जमतात. आपण ते मुद्दाम आणत नाही, जपत नाही, तरी कपाट उघडलं की दोन-चार अंगावर पडतातच! आमच्या दुपारच्या पिक्चरचे किस्से असेच साठलेत.

छावणीजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही चौघी. दुसऱ्या मजल्यावरच्या सत्तरीच्या सुमनकाकू, तळमजल्यावरच्या नसीमभाभी, घरी शिवणकाम करणारी मंदा आणि मी. पाचवा तो काळा डबा.

डबा खरा गेम खेळायचा. माझ्या ओंकारचा. तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि डबा इथंच राहिला. आमचा टीव्ही जुना, त्यावर नवीन काही लागत नाही. ओंकारनं व्हिडिओ कॉलवर शिकवलं, "आई, गेमच्या डब्यावर पिक्चरपण लागतात." झालं! आमच्या हॉलचं थिएटर झालं.

पण एका संध्याकाळी आमच्या ह्यांनी गंगापूरच्या धाकट्या भावाला फोनवर शब्द देऊन टाकला. "गेमचा डबा पडूनच आहे. तुझ्या पोराला घेऊन जा."

मी कुकरखालचा गॅस बंद केला आणि बाहेर आले. "कुणाचा पडून आहे?"

"अगं, गेमचा डबा आहे तो. तू काय गेम खेळतेस?"

"नाही खेळत. पिक्चर बघते. तुमची स्कूटर पाच वर्षं जिन्याखाली पडून आहे, ती पाठवायची का गंगापूरला?"

"ती पडून नाहीये," हे म्हणाले, "स्टँडवर उभी आहे!"

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. ह्यांचा शब्द मी कधी खाली पडू दिला नव्हता. त्या दिवशी मात्र मनात पक्कं केलं, डबा जाणार नाही.

*

त्या डब्याच्या रिमोटवर आकडे नाहीत. एक फुली, एक गोल, एक चौकोन, एक त्रिकोण. फुली दाबली की 'हो' आणि गोल दाबला की 'मागे'.

सुमनकाकू पहिले काही दिवस फुलीला हातच लावेनात. "नको गं बाई, शाळेत फुली म्हणजे चूक! माझ्या पाटीवर दुसरं काही नसायचंच."

शेवटी मंदानं त्यांचा अंगठा धरला आणि फुलीवर दाबला. पिक्चर सुरू झाला!

काकू बराच वेळ अंगठ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "साठ वर्षं उगाच मास्तरला घाबरले."

*

पिक्चरचं नाव शोधायचं म्हणजे दिव्य. पडद्यावर अक्षरं येतात, एकेका अक्षरावर जाऊन फुली दाबायची. एक अक्षर चुकलं की सगळं मागे. तेवढ्यात काकूंची मेथीची जुडी निवडून होते.

एकदा मी सहा अक्षरांचं नाव टाकता टाकता तीनदा चुकले. नसीमभाभी हात जोडून म्हणाल्या, "बस करो दीदी! इत्ते में तो हीरो बुड्ढा हो जाता!"

मी म्हटलं, "होऊ दे. आपण कुठं तरुण आहोत!"

*

आमच्या शोचा दिवस नळ ठरवतो. संभाजीनगरात पाणी रोज येत नाही, हे काही नवं सांगायला नको. पाण्याचा दिवस सोडून पिक्चर, असा आमचा नियम.

पण नळाला कुठले नियम? एकदा ऐन मारामारीत खालून आवाज आला, "पाणी आलं!" चौघी चार दिशांना पळालो. पडद्यावर व्हिलनचा हात हवेत तसाच थांबवून ठेवलेला. दीड तासानं भिजलेल्या साड्यांनिशी परत येऊन बसलो.

मंदा पडद्याकडे बघून म्हणाली, "बिचारा! एवढा वेळ हात वर धरायला माझा नवरा तरी तयार होईल का?"

*

बिल्डिंगच्या सेक्रेटरींना शंका होती. चार बायका भरदुपारी दार लावून काय करतात? जिन्यात त्यांनी काकूंना गाठलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "गेमचं मशीन आहे. जुगार खेळतो."

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी तपासायलाच आले. नेमकं तेव्हा आम्ही चौघी पदर डोळ्यांना लावून हुंदके देत होतो. दार मंदानं उघडलं, तीही रडतच. माणूस गडबडला. बाहेर चपला काढल्या, आत आले, भिंतीला टेकून मान खाली घालून बसले. चांगली पाच मिनिटं!

मग हळूच विचारलं, "कधी गेले?"

नसीमभाभी नाक पुसत म्हणाल्या, "अब्बीच. हीरो की माँ थी."

त्यानंतर त्यांनी आमच्या दाराची बेल कधी वाजवली नाही.

*

विरोध करायला पोटचा पोरही मागं राहिला नाही! एके दिवशी ओंकारचा फोन. आवाज चिडलेला.

"आई, डबा माझ्या नावावर आहे. तू पिक्चर लावलास की माझ्या सगळ्या मित्रांना त्यांच्या डब्यावर दिसतं की मी पिक्चर बघतोय!"

"मग दिसू दे की."

"अगं, त्यात आमचे साहेबपण आहेत! आम्ही रविवारी त्यांच्या घरी एकत्र गेम खेळतो. त्यांनी विचारलं, ऑफिसच्या वेळेत दुपारी दोनला पिक्चर कसा बघतोस म्हणून."

पोराची नोकरी म्हणजे गंमत नाही. पण मग एक गोष्ट लक्षात आली.

"साहेबांना नम्रपणे सांग, ती माझी आई आहे. आणि तेवढ्याच नम्रपणे विचार, ऑफिसच्या वेळेत दुपारी दोनला तुम्हाला ते दिसलं कसं?"

ओंकार म्हणाला, "आई, मी तुझं वेगळं खातं उघडून देतो."

*

आणि मग गंगापूरचे दत्ताभाऊजी आले. भरदुपारी, काखेत खताची रिकामी गोणी घेऊन.

"वहिनी, तेवढं डबडं काढून द्या. चारची जीप गाठायचीय."

पिक्चर अर्ध्यावर होता. मी काही बोलायच्या आत सुमनकाकू म्हणाल्या, "बसा की जावईबापू! चालू पिक्चर बंद केला तर पाप लागतं."

काकू भाऊजींच्या सासूही नाहीत आणि त्यांना मुलगीही नाही! पण जावईबापू म्हटल्यावर भाऊजी बसले. मी पाणी दिलं, जेवायला वाढलं. पिक्चर संपला. ते गोणी झटकत उठले, तोवर मंदानं फुली दाबली.

"हा कशाला आता?" भाऊजी म्हणाले.

"हा लहान आहे," मंदा म्हणाली.

चारची जीप गेली. मी चहा केला. दुसरा संपला, नसीमभाभींनी तिसरा लावला. भाऊजी आता गोणीवरच मांडी घालून बसले होते. मी आपली गप्प. एक शब्द बोलले नाही, फक्त पाहुणचार केला.

तिसऱ्यात मध्येच भाऊजींनी विचारलं, "त्या पोरीचं लग्न होतं का नाय शेवटी?"

"बघा की," मी म्हटलं.

शेवट होईपर्यंत दिवेलागण झाली. ते धावतपळत स्टँडवर गेले. गोणी सतरंजीवरच राहिली. हे घरी आले, डब्याकडे बघितलं. "दत्ता आला नाही?"

"येऊन गेले. न्यायचं विसरले."

*

ह्यांनी परत फोन केला, भाऊजींनी परत मनावर घेतलं. पुढच्याच शोला दारावर थाप पडली. बघते तर रेखा, माझी धाकटी जाऊ. एकटी! तिच्या लग्नाला बावीस वर्षं झाली, पण गंगापूरहून एकटी ती कधी आली नव्हती. मुक्काम तर सोडाच, आली की सोबतच्या माणसाबरोबर दोन तासांत परत.

"एस्टीनं आले," ती दम खात म्हणाली. "त्यांनीच धाडलं. म्हणले, बाईमाणसाला वहिनी नाय म्हणणार नाहीत."

मी पिक्चर थांबवला. भाऊजींना अडवणं वेगळं, हिला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? तिकडं घरी हिलाच ऐकून घ्यावं लागणार.

"आणखी काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणले, डबा हातात पडल्याबिगर घरी यायचं नाय."

काकूंनी रिमोट सतरंजीवर ठेवला. रेखानं आपली पिशवी खाली ठेवली आणि उघडली. आतून चार साड्या काढल्या, तेलाची बाटली काढली, दात घासायचा ब्रश काढला. सगळं कपाटाशेजारी नीट रचलं. मग नसीमभाभींच्या शेजारी, भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "लगेच देऊ नका बरं का."