दिवेआगर: दोन भरत्या आणि तेलाचा डबा

आमची पल्लवी स्कॉटलंडला असते. सप्टेंबर लागला की तिथल्या लोकांना ऊब हवीशी होते आणि ती शोधत ते समुद्रावर जातात. तिने मला एक यादी पाठवली, शरदाच्या सुरुवातीला जाण्याजोग्या उबदार समुद्रकिनाऱ्यांची. खाली लिहिलं होतं, "आई, तुम्ही दोघंही कुठेतरी उबदार जागी जाऊन या." मी भिंगारला राहते. दसऱ्याच्या सुमाराला आमच्या गच्चीवर पापड भाजता येतील इतकी ऊब असते आणि तिचं भाडं द्यावं लागत नाही. तरी मी यादी नीट वाचली, कारण प्रत्येक किनाऱ्यापुढे पाण्याचं तापमान दिलं होतं. आपल्याकडे किनारा निवडताना खोली, मासळी आणि पार्किंग यांची चौकशी होते. पाण्याबद्दल कोणी विचारत नाही.

मला पाण्याबद्दलच विचारायचं होतं. मला समुद्रात पोहायचं होतं, आणि हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं.

राहुरीजवळ माझ्या माहेरच्या मळ्यात विहीर आहे. नऊ वर्षांची असताना थोरल्या भावाने, अण्णाने, माझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला आणि मला वरून ढकललं. त्याला तो पोहायला शिकवणं म्हणतो. लग्नापर्यंत मी प्रत्येक उन्हाळ्यात पोहले. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सासरच्या गावी विहिरीवर गेले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आपल्यातल्या सुना पाण्यात उतरत नाहीत." मी पायरीवरून परत फिरले. त्याला अडतीस वर्षं झाली. मधल्या काळात मुलीला पोहण्याचा क्लास लावला, तिला ने-आण केली आणि काठावरच्या बाकावर बसून स्वेटर विणले.

जागेची निवड आम्ही लोकशाही पद्धतीने केली, म्हणजे यजमानांनी सुचवायचं आणि मी खोडायचं. हे छावणीतल्या स्टोअरमधून निवृत्त झाले आहेत; कागदावर आकडे घालून लिहिल्याशिवाय यांना चहासुद्धा सुचत नाही. गोवा त्यांनीच खोडला ("आपल्या वयाला तिथे काय काम?"). तारकर्ली लांब. अलिबागला गर्दी. हरिहरेश्वरावर ते अडून बसले, कारण देवही होतो आणि समुद्रही.

"खडक आहेत तिथे," मी म्हणाले.

"आपल्याला काय खडकांचं? लांबून बघायचं."

"तुमचे गुडघे."

गुडघ्यांपुढे ते नेहमी माघार घेतात. अशा रीतीने दिवेआगर ठरलं: सपाट वाळू, हळूहळू खोल होणारं पाणी, खडक नाहीत. मी त्यांच्या गुडघ्यांची किती काळजी घेते हे त्यांनी शेजारच्यांनाही सांगितलं.

दसरा झाल्यावर, एकादशीला पहाटे पाच वाजता निघालो. आमच्या घरापासून दिवेआगर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. सुप्याला चहा घेतला. रांजणगाव आणि वाघोली आठच्या आत ओलांडा, नाहीतर सुट्टीचा पहिला दिवस वाघोलीतच साजरा करावा लागेल. चांदणी चौकातून पौड, मुळशी आणि ताम्हिणी घाट. घाटाचा रस्ता ठीक आहे, काही वळणांवर खडी निसटलेली आहे. धबधबे आटत आले होते, पण मोबाईल उंच धरून उभी असलेली माणसं आटली नव्हती. माणगावला उपासाची खिचडी खाल्ली आणि तीनच्या सुमाराला पोहोचलो. यांनी सगळा रस्ता पन्नासच्या वेगाने गाडी चालवली आणि मागच्यांच्या हॉर्नला ते नमस्कार समजत होते.

मुक्काम एका सुपारीच्या वाडीत होता. मालकीण मंगलताई, माझ्याच वयाच्या. खोली दोन हजार, जेवण वेगळं. आदल्या दिवशी सांगितलं तर उकडीचे मोदक मिळतात, ते सांगाच. सुरमई दुसऱ्या दिवशी, एकादशी संपल्यावर खाल्ली; ताजी होती. संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो तर तिथे उंट होता. समुद्र पाहायला आलेले लोक उंटावर बसून समुद्राकडे पाठ करून फोटो काढत होते. एवढ्या माणसांत मी पाण्यात उतरणार नव्हते. घोट्यापर्यंत पाय बुडवले. पाणी खरोखरच उबदार होतं. विहिरीचं पाणी वैशाखातही अंगावर काटा आणतं, म्हणून मी थोडी गोंधळले.

परतल्यावर मंगलताईंना गाठून विचारलं, "पोहायचं असेल तर कधी उतरावं?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कोणाला?"

"मला."

"येतं?"

"विहिरीतलं येतं."

"उद्या द्वादशी," त्या म्हणाल्या. "बाराची पाऊणपट नऊ. नऊला भरती पुरी भरेल. तुम्ही साडेसातला उतरा नि साडेआठला बाहेर या. येणारं पाणी माणसाला काठाला आणतं. ओहोटीला उतरायचं नाही, कोणी कितीही सांगितलं तरी. नि छातीच्या पुढे जायचं नाही."

नाहीतरी मी कॅलेंडर उपासासाठीच बघत आले होते.

सकाळी भिंगारच्या बाजारातून आणलेली पुरुषी ट्रॅक पॅन्ट आणि गडद कुर्ता घातला. (सुती नको, भिजल्यावर पोत्यासारखं जड होतं.) हे म्हणाले, "मॅरेथॉन आहे का?" मी म्हणाले, "फिरायला चाललेय, चला." किनाऱ्यावर एक कुत्रा आणि जाळं निवडणारे दोघे सोडले तर कोणी नव्हतं. मी चप्पल, चष्मा आणि टॉवेल यांच्या हातात दिला आणि पाण्यात चालू लागले.

"अगं, कुठे?"

मी चालतच राहिले. पाणी छातीपर्यंत आलं तेव्हा पाय सोडले.

हात विसरले नव्हते. खारट पाणी माणसाला उचलून धरतं हे पुस्तकात वाचलं होतं, पण इतकं धरतं हे वाचून कळत नाही. मी सरळ दक्षिणेकडे, किनाऱ्याला धरून निघाले होते. पाच-सहा हात मारले आणि पाहते तर समोर किनारा. पुन्हा वळले. पाच-सहा हात मारले आणि समोर क्षितिज. मग लक्षात आलं: आमची विहीर तेवढीच होती. सहा हात झाले की भिंत येते, आणि डावीकडे वळायचं. भिंत नव्हती तरी मी वळत होते. अरबी समुद्रात मी गोल गोल फिरत होते.

तेवढ्यात मागे धबाधबा आवाज आला. वळून पाहिलं तर हे. बूट, पॅन्ट, हातघड्याळ, सगळ्यासकट, छातीपर्यंत पाण्यात, हातात माझा टॉवेल उंच धरलेला. यांना पोहता येत नाही. बादलीतलं पाणी डोक्यावर घेतानाही ते नाक धरतात.

"धर," ते ओरडले. "टॉवेल धर."

"काय झालं?"

"भोवऱ्यात सापडलीस ना. गोल फिरत होतीस."

"भोवरा नाही हो. विहिरीतली सवय."

एक लाट आली आणि त्यांच्या डोक्यावरून गेली. मग दंडाला धरून मी त्यांना बाहेर काढलं. जाळं निवडणाऱ्यांपैकी एक म्हणाला, "बरं झालं काकू होत्या."

खिशात गाडीची किल्ली होती. मंगलताईंनी ती तांदळाच्या डब्यात ठेवली. किल्लीने दार उघडलं, रिमोट मात्र कायमचा गेला. तुम्ही किल्ली खोलीवर ठेवून जा.

हे कोरडे होऊन पोह्यांच्या बशीपुढे बसले. मग म्हणाले, "आईने मला सांगितलं होतं."

"काय?"

"तू विहिरीवर गेली होतीस ते. त्याच दिवशी. म्हणाली, मी तिला परत आणलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, बरं."

इतकी वर्षं मला वाटत होतं, यांना ठाऊकच नाही. ठाऊक नसलेल्या माणसावर रागावता येत नाही, त्यामुळे तो राग मी सोयीने सासूबाईंच्या नावावर ठेवला होता, आणि त्या तर आता नाहीत. मी म्हणाले, "पोह्यांत मीठ कमी आहे." दिवसभर तेवढंच बोलले. दुपारी ते एकटेच गावातल्या मंदिरात जाऊन आले. माझ्यासाठी मोदक बांधून आणले. मी खाल्ले, मोदकांचा काही दोष नव्हता.

तिसऱ्या दिवशी, त्रयोदशीला, मला जाग आली तेव्हा हे कागदावर काही मांडत होते. "तेराची पाऊणपट पावणेदहा," ते म्हणाले. "सव्वाआठला उतर. मी किनाऱ्याने चालतो. माझ्याकडे बघत पोह, म्हणजे वळणार नाहीस."

गुडघ्यांचं मी विचारलं नाही. ते सुरूच्या झाडांच्या बाजूने चालले, पॅन्ट दुमडलेली, हातात माझ्या चपला. मी डावीकडे मान करून श्वास घेत होते आणि दर श्वासाला ते तिथे होते. ते दमले की थांबत, मग मी पाठीवर पडून थांबत असे. किती अंतर झालं हे मोजलं नाही. उंटवाला आला तेव्हा बाहेर निघाले.

त्याच दुपारी परत फिरलो. भिंगारला पोहोचल्यावर पल्लवीला कळवलं: पाणी उबदार होतं, यादी बरोबर आहे. मागे काय उरलं म्हणाल, तर गाडीत वाळू, डब्यात सुपाऱ्या आणि न चालणारा रिमोट. त्या 'बरं'चं मी अजून काय करायचं ते ठरवलेलं नाही. ते विसरण्याइतकं लहान नाही आणि घर डोक्यावर घेण्याइतकं मोठंही आता राहिलं नाही.

पण चार दिवसांनी यांनी स्वतः अण्णाला फोन लावला. स्पीकर चालू होता.

"अण्णा, विहिरीला पाणी किती आहे?"

"लई हाय औंदा. का हो पाव्हनं?"

"मला पोहायला शिकायचंय."

"शाली हाय का तितं? तिला द्या जरा." मग मला, हळू आवाजात, "पाव्हन्यांची तब्येत बरी हाय ना गं?"

"बरी आहे. तो डबा आहे का?"

"त्यो कवाच गंजला. दुसरा बघतो. पर त्यांचं वजन किती हाय? दोन लागतील."

दोन डबे आता आमच्या गच्चीवर आहेत. तोंडं डाख देऊन बंद करून आणली आहेत, आणि हे रोज सकाळी ते टाकीत दाबून बुडबुडे येतात का बघतात आणि वहीत लिहितात. भाऊबीजेला जायचं ठरलं आहे. डबे अण्णा बांधणार आहे. ढकलायचं काम मी मागून घेतलं आहे.