तांदळात रोवलेली दहा नावं

आमच्या लुंबानोग गावात पन्नास किलो आठशे ग्रॅमच्या आतला बॉक्सर म्हणजे फ्लायवेट, हे शाळेत न गेलेल्या माणसालाही पाठ असतं. कारण तांदळाचं पोतं पन्नास किलोचं येतं, आणि आमचे बहुतेक बॉक्सर पहाटे बाजारात हमाली करून मगच तालमीत येतात. रोज स्वतःएवढं वजन पाठीवर घेणाऱ्या या माणसांना जग माशीच्या वजनाचे म्हणतं. हे नाव ज्याने ठेवलं त्याला एकदा आमच्या एदिलचा डावा ठोसा बरगडीत खायला घातला पाहिजे.

या माणसांत पहिला कोण, दुसरा कोण आणि दहावा कोण, हे ठरवायची मानांग सिद्रा; मानांग म्हणजे आमच्याकडे ताई. बाजाराच्या तोंडाशी तिचं तांदळाचं दुकान. दुकानात लाकडी फळ्यांचे दहा खण, डावीकडून उजवीकडे भाव उतरत जाणारे. पहिल्या खणात जत्रेला शिजवायचा सुवासिक तांदूळ, दहाव्यात कणी, जी लोक कोंबड्यांना घालतात. प्रत्येक खणात भावाची पाटी रोवलेली असायची आणि तिच्या शेजारी बांबूच्या काडीवर एका बॉक्सरचं नाव. दर रविवारी प्रार्थना आटोपली की सिद्रा चर्चमधून थेट दुकानात यायची, आदल्या आठवड्यातल्या लढती मनाशी घोळवायची आणि काड्या हलवायची. समोर निम्मं गाव श्वास रोखून उभं असायचं.

मी तीन वर्षं चौथ्या खणात काढली. चौथा म्हणजे रोजच्या जेवणाचा जाडा तांदूळ. सणाला कोणी मागत नाही आणि कोंबड्यांना घालवत नाही. माझी बायको मुद्दाम त्याच खणातला तांदूळ घ्यायची आणि जेवताना माझ्याकडे बघून हसायची. शेवटी एकदा मी सिद्राला भर दुकानात जाब विचारला. पोतं शिवता शिवता, मान वर न करता ती म्हणाली, "तुला मार बसला की तू रागावतोस, आंदोय. आणि रागावलास की तुझा डावा पाय जागचा हलत नाही."

मी तणतणत निघून आलो. तिचं म्हणणं खरं होतं हे मला कळायला आणखी दोन वर्षं आणि तीन पराभव लागले.

तिची बघण्याची तऱ्हा वेगळी होती. लढतीला ती दुसऱ्या रांगेत बसायची, आणि सगळे हातमोज्यांकडे बघत असताना हिची नजर पायांवर. आयुष्यभर हमालांना पोती वाहताना पाहिलेली बाई. खांद्यावरचं ओझं कोणाला झेपतंय आणि कोण नुसता दात दाखवतोय, हे पायांवरून कळतं असं तिचं म्हणणं.

यादीचा नादही तिला हौसेने लागला नव्हता. तिचा नवरा दिमास हाही फ्लायवेट. त्याच्या लढती ठरवायचा त्याचा सख्खा काका, आणि काकाला आपला पुतण्या जगात भारी वाटायचा. त्या प्रेमापोटी त्याने दिमासला अशा माणसासमोर उभं केलं की ज्याच्यापुढे तो चार मिनिटंसुद्धा टिकायचा नव्हता. दिमासचा उजवा डोळा गेला. त्यानंतरच्या रविवारी सिद्राने पहिल्यांदा तांदळात काड्या रोवल्या. ज्याला जो झेपेल त्याच्याशीच तो लढेल, एवढंच तिला हवं होतं. आणि एक नियम तिने स्वतःला घातला: आपल्या रक्ताचं नाव या तांदळात लावायचं नाही.

दिमास वारला त्याला चार वर्षं झाली होती. त्यांचा मुलगा रुस्तिको, म्हणजे आमचा टिकोय, बावीस वर्षांचा झाला होता. तालमीत मीच त्याला शिकवत होतो. अकरा लढती झाल्या, अकराही जिंकल्या, आणि एकाही खणात काडी नाही. आईने त्याची एकही लढत पाहिली नव्हती. तो रिंगणात चढला की ती दुकानात जाऊन तांदूळ पाखडत बसायची.

चौऱ्याण्णवच्या ऑगस्टपर्यंत हे चालून गेलं. मग सेबू शहरातून सर लाउरो आले. शहरातल्या मोठ्या लढती हेच भरवायचे आणि फ्लायवेट घ्यायचे तर डोळे मिटून सिद्राच्या यादीतले घ्यायचे. तिने पाठवलेला माणूस कधी उचलून न्यावा लागला नाही, असं ते सांगत फिरायचे. या खेपेला नोव्हेंबरात साऱ्या विसाया बेटांच्या अजिंक्यपदाच्या पट्ट्यासाठी लढती होत्या. तुमच्या गावच्या सान रोकेच्या जत्रेनंतरच्या रविवारी येईन, म्हणाले, आणि पहिल्या दोन खणांतली दोन नावं घेऊन जाईन. अशी संधी आमच्या गावाला त्याआधी कधी आली नव्हती.

पहिल्या खणात एदिल मागदादारो होता, ते कोणालाच अमान्य नव्हतं. दुसऱ्यात लितो इबान्येझ. आता गंमत अशी की जानेवारीत शेजारच्या गावच्या जत्रेत टिकोयने या लितोला तिसऱ्या फेरीत आडवा केला होता.

मी सिद्राकडे गेलो आणि मनातलं सगळं ओकलो. पोराचा जन्म तुझ्या पोटी झाला हा त्याचा गुन्हा आहे का, इथपर्यंत बोललो. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ज्याला नऊ महिने पोटात वागवलं त्याचं वजन मी कुठल्या काट्यावर करू?"

"मग दुसऱ्या कोणाला करू दे."

"कोणाला? तुला? तू तीन वर्षं स्वतःला पहिला समजत होतास."

दुकानातले हमाल खदाखदा हसले. माझं डोकं फिरलं आणि जे बोलू नये ते मी बोललो. म्हटलं, "तुझा नियम न्यायाचा नाही, सिद्रा. भीतीचा आहे. तुला त्याच्याकडे बघायची हिंमत नाही."

ती उठली. सूप उचलून आत गेली. मला स्वतःची लाज वाटली, पण शब्द परत घेतले नाहीत.

काम झालं ते माझ्यामुळे नाही, लितोमुळे. दुसऱ्या दिवशी तो पोती उतरवायला आला. शेवटचं पोतं टाकलं, घाम पुसला आणि दुसऱ्या खणासमोर उभा राहिला. मी तिथेच होतो, माफी कशी मागावी याची जुळवाजुळव करत. लितो तसा अबोल माणूस. सेबूची वाट त्याच्यासाठीही तेवढीच मोठी होती आणि घरी तीन लेकरं होती.

"मानांग, माझी काडी खाली घे," तो म्हणाला. "मला त्याने पाडलंय. लोक माझ्या नावाकडे बघून गालात हसतात."

सिद्रा म्हणाली, ती लढत तिने पाहिली नव्हती.

"तेच तर म्हणतोय मी. तू पाहिली नाहीस. बाकी सगळ्यांनी पाहिली."

सिद्रा बराच वेळ त्या खणातला तांदूळ हाताने सारखा करत राहिली. मग माझ्याकडे वळली. "जत्रेत त्याला एदिलशी लाव," म्हणाली. "मी येईन."

 ज्याला जो झेपणार नाही त्याच्याशी या बाईने आजवर कोणालाही लावलं नव्हतं. आणि लगेच तिने दुसरं सांगितलं: यादी लागेपर्यंत टिकोयने घरी यायचं नाही, तालमीतच राहायचं. तोवर तो तिचा कोणी नाही.

जत्रेच्या दिवशी दुपारी चर्चशेजारच्या बास्केटबॉलच्या मैदानात दोर बांधले. भाजलेल्या डुकराचा वास, माडीचे कॅन आणि छपरांवर चढलेली माणसं. सिद्रा दुसऱ्या रांगेत येऊन बसली तेव्हा आसपासचे लोक वळून बघायला लागले.

पहिली फेरी टिकोयची. दुसरीत एदिलने त्याची भुवई फोडली आणि रक्त डोळ्यात उतरलं. मी कोपऱ्यातून सिद्राकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात मांडीखाली दाबलेले होते, पण नजर हलली नव्हती. तिसरी एदिलची. चौथीत टिकोयने ठोशांची अशी सरबत्ती केली की मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. मीही ओरडून ओरडून घसा बसवला. पाचवी आणि सहावी मात्र निर्विवाद टिकोयची होती. त्याने एदिलला, आमच्या एदिलला, तीनदा दोरावर नेऊन कोंडला. तिघांपैकी दोन पंचांनी चार फेऱ्या टिकोयला दिल्या आणि हात त्याचा वर झाला.

त्या मंगळवारपासून रविवारपर्यंत गावात दुसरा विषय नव्हता. टिकोय भुवईला टाके घालून तालमीच्या बाकावर झोपत होता. आई काय म्हणेल, असं मला दिवसातून दहा वेळा विचारत होता. मी म्हणायचो, पंच काय म्हणाले ते ऐकलंस ना? तो म्हणायचा, पंच परगावचे.

रविवारी दुकानासमोर मुंगीला शिरायला जागा नव्हती. सर लाउरो वही घेऊन पुढे उभे. सिद्रा आली. दहाव्या खणातली काडी काढून तिच्यावर ज्याचं नाव होतं त्या पोराच्या हातात दिली, मग एकेक काडी एकेक खण खाली सरकवली. लितोची काडी तिसऱ्यात गेली. लितोने मान डोलावली. दुसरा खण रिकामा झाला. मग तिने पुठ्ठ्याच्या नव्या तुकड्यावर सगळ्यांसारखंच आडनाव आधी लिहिलं: गाबुया, रुस्तिको. आणि काडी दुसऱ्या खणात रोवली.

पहिल्यात एदिलच राहिला.

लोकांत गलका झाला. तो जिंकलाय ना, असं मागून कोणीतरी ओरडलं. मीसुद्धा पुढे सरसावलो होतो. टिकोयने मला हाताने मागे सारलं.

"का, नानाय?" त्याने आईला विचारलं.

"चौथी फेरी एदिलची होती," सिद्रा म्हणाली. "तुझे ठोसे त्याच्या मोज्यांवर पडत होते. त्याचे तुझ्या पोटात. तू पूर्ण फेरी मागे जात होतास. म्हणजे तीन तुझ्या, तीन त्याच्या. बरोबरी झाली तर वरचा वर राहतो."

 टिकोय त्या दोन काड्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "होय. चौथी त्याची होती. माझा दम संपला होता."

आणि एदिल, जो आपली जागा गेलीच असं धरून मान खाली घालून आला होता, त्याने टिकोयला कमरेत धरून उचलला तो थेट खांद्यावर. मग जो आरडाओरडा झाला तो पलीकडच्या बेटावर ऐकू गेला असेल. सर लाउरोंनी दोन्ही नावं लिहून घेतली. दोघंही सेबूला जाणार होते. आईने मुलाला वर चढवलं, असं म्हणायला आता कोणाची जीभ रेटणार नव्हती. मी रडत होतो आणि मला त्याचं काहीही वाटत नव्हतं.

सिद्रा खण ओलांडून बाहेर आली. एदिलला म्हणाली, खाली ठेव त्याला. टिकोय खाली उतरला. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, उजेडाकडे वळवला आणि साऱ्या बाजारासमोर भुवईवरचे टाके बोटाने मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचव्यावर तिचं बोट थांबलं.

"चल घरी," ती म्हणाली. दुकान तसंच उघडं टाकून दोघं निघून गेले, आणि त्या दिवशी लोकांना तांदूळ मी मोजून दिला.