रजिस्टरमध्ये आईची सही

आमच्या घरात मांजर आडवं गेलं तर मांजराची चौकशी होते, माणूस पुढे जातो. बाबा पुसदला विज्ञानाचे मास्तर होते. अमावास्या-पौर्णिमा त्यांनी फक्त फळ्यावर काढून दाखवल्या. मी त्यांचीच मुलगी. त्यामुळे या सदरातले गूढ अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचले आणि दोन-तीनदा खाली खोचक प्रतिक्रियाही टाकल्या... त्या लोकांची माफी मागते. आता माझ्यावर टाका, पण निदान पूर्ण वाचून टाका.

आम्ही आयर्लंडमध्ये राहतो. समुद्रकाठचं लहानसं गाव, डब्लिनहून गाडीने दीडेक तास. नवरा अमोल औषधांच्या कंपनीत, मी घरूनच काम करते, मुलगी ईरा पहिलीत. गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या रविवारी आई पहिल्यांदाच आमच्याकडे आली. बाबा जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. त्यांच्या वेळी मला येता आलं नव्हतं — इथे राहण्याच्या परवान्याची कागदपत्रं अडकली होती. बाबा यवतमाळला दवाखान्यात बारा दिवस होते आणि मी हजारो मैलांवर ईमेल उघडून बघत बसले होते. त्या बारा दिवसांबद्दल मी आईला नंतर कधीच काही विचारलं नाही. धीर झाला नाही.

तर आई. आईला फिरायला नेणं म्हणजे शिक्षा आहे. आली त्याच आठवड्यातल्या शनिवारी आम्ही तिला गाडीने तीन तासांवरचे समुद्राचे उंच कडे दाखवायला नेलं. लोक जगभरातून येतात ते बघायला. आईने कड्यांकडे पाठ केली आणि पायऱ्यांवर अडकलेल्या एका बाईची बाबागाडी दुसऱ्या टोकाने उचलली. मग कुणाच्या तरी पोराच्या बुटाची नाडी बांधली. मग बाकावरच्या एका म्हाताऱ्याला, त्याने मागितलं नसताना, डब्यातलं तिखट धपाटं दिलं. त्याने भिडेखातर खाल्लं, डोळ्यांतून पाणी काढलं आणि थँक्यू म्हणाला. मी सगळ्यांना सॉरी म्हणत मागे मागे. आई, इकडे असं चालत नाही, हे मी त्या दिवशी किमान दहा वेळा सांगितलं असेल. तिचं एकच — "कायले? इथं काय माणसं नाई राह्यत?"

पुढच्या बुधवारी, म्हणजे तिला येऊन अकरावा दिवस, दुपारी दोनला माझी मीटिंग होती. आई समोरच्या बागेतल्या बाकावर बसली होती, मला खिडकीतून दिसत होती. चाळीस मिनिटांनी बघते तर बाक रिकामा. फोन घरात चार्जिंगला. इंग्रजीचा गंध नाही. आणि बागेच्या मागे दोनशे पावलांवर समुद्र, खाली नुसते खडक. दोन तास मी हाका मारत फिरले. खडकांवर वाकून बघताना माझ्या डोक्यात काय काय आलं ते लिहीत नाही. एकाला शेवटचं भेटता आलं नाही आणि दुसरीला मी स्वतः बोलावून घालवली, एवढंच मनात चालू होतं.

अमोल ऑफिसातून धावत आला. पोलिसांना फोन करण्याआधी म्हणून आम्ही कोपऱ्यावरच्या वृद्धाश्रमात विचारायला गेलो. दारातल्या ब्रीडा नावाच्या मदतनीस बाईला मोबाइलवर फोटो दाखवला, तर ती हसून म्हणाली, ही तर सुमन, आत नोराकडे आहे.

नोरा म्हणजे एक वाळून गेलेली, नव्वदीची बाई. आईने तिची पावलं मांडीवर घेतली होती आणि दाबत होती. आई वऱ्हाडीत काहीतरी सांगत होती, नोरा इंग्रजीत उत्तरं देत होती आणि दोघींचं बेस चाललं होतं. मी तिथेच आईवर तोंड सोडलं. ब्रीडाला काही कळेना. ती म्हणाली, रागावता कशाला, तुमची आई तीन आठवडे रोज येते, आम्हाला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. नोराची मुलगी ऑस्ट्रेलियात, तिला लगेच येता येत नाही. सुमन आल्यापासून म्हातारी निदान दोन घास खाते.

मी ब्रीडाला समजावलं की आईला देशात येऊनच अकरा दिवस झालेत. तिने शांतपणे दारातलं, भेटायला येणाऱ्यांच्या सह्यांचं रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं.

रजिस्टरमध्ये आईची सही होती. देवनागरीत 'सुमन', आणि शेवटी ओढलेली शिरोरेघ, जी आई पार कागदाच्या कडेपर्यंत नेते. बाबांनी शिकवलेली सही, मी लहानपणी प्रगतिपुस्तकावर बघितलेली. रोज एक, तीन आठवडे. त्यातल्या पहिल्या सहीच्या दिवशी आई पुसदला गच्चीवर कुरड्या वाळत घालत होती. तिने पाठवलेला व्हिडिओ आहे माझ्याकडे. आणि त्या शनिवारचीही सही होती, वेळ चार. शनिवारी चार वाजून दहा मिनिटांचा माझ्या फोनमध्ये फोटो आहे — कडे, पायऱ्या आणि परक्या बाईची बाबागाडी धरलेली माझी आई.

घरी आल्यावर मी तिची उलटतपासणी घेतली. ती म्हणाली, "मी तं आजच गेली. ते बुढी खिडकीतून हात हालवून राह्यली होती." मी रजिस्टरचा फोटो दाखवला. चष्मा लावून तिने नीट पाहिला. "सही तं माहीच हाये," म्हणाली. मग थोडा विचार करून, "मंग आली असन मी." आणि कुकर लावायला उठली. सांगा आता, अशा माणसाशी काय बोलायचं?

अमोल इंजिनीअर. त्याने तपास केला. तिथे दोन मल्याळी नर्सेस आहेत, दुसरं भारतीय कुणी येत नाही. दारावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं तर नियमात बसत नाही म्हणाले. झालं, तपास संपला.

त्यानंतर आई खरोखरच रोज जाऊ लागली, मीच सोडायला जायचे. नवव्या दिवशी नोरा गेली, आईचा हात धरून. मुलगी दोन दिवसांनी पोचली. आमच्या घरी येऊन खूप रडली. माझी आई महिनाभर फोनवर तुमच्याबद्दलच बोलायची, म्हणाली, तुम्हाला तिच्याकडे कुणी पाठवलं? मी भाषांतर केलं. आई म्हणाली, "कोणी पाठवाले कायले पायजे?" मी तेही भाषांतर केलं.

नोराची मुलगी परत गेल्यावर आई मेथी निवडायला बसली आणि सहज बोलून गेली, "तू नाई का तुया बापापाशी बाई पाठवली होती. तसंच."

मी विचारलं, कोणती बाई?

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की बाबांच्या शेवटच्या पाच दिवसांत आई यवतमाळला नव्हतीच. तिला डेंग्यू झाला, चुलतभाऊ विनोदने तिला पुसदला आणून टाकलं. माझ्या जिवाला घोर नको म्हणून मला कुणी सांगितलं नाही. विनोद दुकान सांभाळून एक दिवसाआड यवतमाळला जायचा. मध्ये बाबा एकटे. आणि बाबांनी फोनवर आईला सांगितलं होतं, की पोरीने एक बाई पाठवली आहे, दिवसभर बसते, पाय दाबते, तू स्वस्थ झोप.

"माह्या जीवाले लय बरं वाटलं," आई म्हणाली. "म्हटलं, पोरगी दूर हाये, पण इसरली नाई."

मी 'हं' म्हटलं आणि मेथी निवडत राहिले.

ऑगस्टअखेरीस आईला सोडायला पुसदला आले. विनोदला खोदून खोदून विचारलं. हो, होती एक बाई, म्हणाला. साधी, पन्नाशीची. त्याने दोनदा चहा आणून दिला. शेवटीही तीच जवळ होती. नाव? गाव? "मले वाटलं तुयाच वळखीची हाये. मी काय इचारू?" जिथे बसमध्ये शेजारी बसणाऱ्याला आडनाव, गाव आणि औंदा कापूस किती झाला हे विचारल्याशिवाय तिकीट निघत नाही, तिथे या एका बाईला कुणी काही विचारलं नाही! डोकं फिरायचं बाकी राहिलं.

असेल दुसऱ्या पेशंटची नातेवाईक. बाबांचा गैरसमज झाला असेल. हे मलाही सुचतं, कृपा करून मला समजावू नका. मग रजिस्टरमधल्या सह्यांचं काय, तेवढं सांगा.

परत निघायच्या आदल्या सकाळी शेजारच्या काकू आल्या होत्या. आई त्यांना तेच सांगत होती, की हिने तिकडून कशी सोय केली. साऱ्या गल्लीला कधीच सांगून झालं असावं. काकूंनी मला विचारलं, कोण होती गं ती? आई माझ्याकडे इतक्या कौतुकाने बघत होती की मी म्हटलं, माझी मैत्रीण.

मी कुणालाही पाठवलं नव्हतं. त्या बारा दिवसांत मला ते सुचलंसुद्धा नव्हतं.