केसाएवढी खाच

आठ कांद्यांपैकी चार चिरून झाले होते आणि पाचवा फळीवर अर्धा उभा होता, तेवढ्यात मामा हातात पत्र घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबले. टपाल येऊन अर्धा तास झाला होता. म्हणजे बाहेरच्या खोलीत त्यांनी ते तीन-चारदा तरी वाचलं असणार.

मामा म्हणजे माझे सासरे, मनाशे झिराडकर. आमच्या कोकणात सुना सासऱ्यांना मामा म्हणत, ती सवय मी इंग्लंडमध्ये, स्लाऊला आल्यावरही सोडली नाही.

"सिप्पोरा, हे इंग्रजी नीट वाच गं. मला वाटतंय तेच लिहिलंय का बघ."

हात पुसून मी पत्र घेतलं. दोन बस बदलून जावं लागे अशा एका लहानशा सिनेगॉगचं, आम्हा यहुद्यांच्या प्रार्थनाघराचं, पत्र होतं. त्यांचा शोहेत, म्हणजे धर्माच्या नियमाने कोंबड्या कापणारा माणूस, महिनाअखेर मुलाकडे राहायला जाणार होता. मिस्टर मनाशे यांनी हिंदुस्थानात हे काम अठ्ठावीस वर्षं केलं आहे असं त्यांच्या कानावर आलं होतं. तयारी असेल तर पुढच्या महिन्यात पहिल्या मंगळवारी परवाना देणाऱ्या मंडळाचे एक वयस्कर रब्बी, म्हणजे धर्मगुरू, घरी येतील, नियम विचारतील आणि सुरी तपासतील.

"तुम्हाला वाटलं तेच लिहिलंय, मामा."

"मग चिर कांदे," असं म्हणून त्यांनी नाक शिंकरलं आणि दोष कांद्यांवर घातला.

लग्न झाल्यापासून मी रोज वहीत दोन-चार ओळी लिहिते. शब्बाथला लिहायचं नसतं, म्हणून शनिवारचं पान तेवढं तारे दिसल्यावर. १९६८ च्या फेब्रुवारीतलं ते पान आज काढून पाहिलं. "मामांना पत्र. कांदे अर्धे राहिले. परमेश्वरा, तुझे उपकार." एवढंच आहे. पण त्यामागे काय होतं ते सांगायला हवं.

अलिबागच्या बाजूला आम्हाला लोक शनवार तेली म्हणत. तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. मामा त्या गावांतल्या आमच्या लोकांचे काजी, म्हणजे धर्मविधी करणारे. लग्न असो, बारसं असो, भल्या पहाटे कुणीतरी सायकल घेऊन त्यांना न्यायला येई. मामांची सुरी फडक्यात गुंडाळलेली, कोटाच्या आतल्या खिशात. ते पोहोचून हात धुईपर्यंत हंडा चुलीवर चढत नसे, आणि सोयरे कितीही भुकेले असले तरी "मनाशेभाऊ, जरा लवकर" म्हणायची कुणाची छाती होत नसे. आधी सुरी नखावर, मग बोटाच्या मांसावर, पुढे-मागे, दोन्ही अंगांनी तपासायची. केसाएवढी खाच लागली तरी सुरी बाद. पुन्हा दगड, पुन्हा पाणी. कापून झाल्यावर परत तपासायची.

"खाच असलेली सुरी कापत नाही, फाडते," ते म्हणत. "आपल्याला दिसत नाही. त्या जिवाला कळतं."

एकसष्ट साली माझे यजमान योएल इकडे नोकरीला आले, मागोमाग आम्ही. इथे मामांना कुणी न्यायला आलं नाही. ट्रेडिंग इस्टेट नावाच्या वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांना काम मिळालं, तेही धारेचंच. फिरत्या चाकावर हत्यारांना धार लावायची, बोटांवर दिवसभर गार तेलपाणी. फोरमन त्यांना "मॅनी" म्हणे. मामांनी घरी हे हसत सांगितलं होतं. योएलना ते हसू आवडलं नव्हतं.

गुरुवार संध्याकाळ मात्र मामांची. टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं. दोन दगड, एक खरखरीत, एक लोण्यासारखा, दोन्ही अलिबागहून आणलेले. शब्बाथच्या स्वयंपाकाआधी घरातल्या सगळ्या सुऱ्या त्यांच्यापुढे यायच्या. दगड भिजवून घेत, पातं जरासं तिरकं धरत आणि एका दमात मुठीपासून टोकापर्यंत ओढत. मग दुसऱ्या अंगाने तितकेच हात. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाच-सहा फेरे. आणि मग मला हाक.

"नख लाव. काय म्हणते?"

"मध्ये जरा अडखळते, मामा."

"शाबास. माझंही तेच मत."

असं करत करत त्यांनी माझं नख तयार केलं. पातं नखावरून नुसतं पुढे सरकवायचं, जोर द्यायचा नाही. खाच असेल तिथे नखाला बारीक टोचा बसतो, शिवताना सुईचं टोक लागावं तसा.

माझ्या आळसावर त्यांची बारीक नजर असे. सुरी भांड्यांबरोबर बेसिनमध्ये पडलेली दिसली की, "ती काय बटाटा आहे भिजत घालायला?" बशीत लिंबू कापलं की, "धार बशीला वाहिलीस." फळीवरचा कांदा मी धारेने लोटला की हळूच सुरी उलटी करून हातात देत, म्हणजे पाठीने लोट. धुतल्याबरोबर पुसायची आणि ड्रॉवरमध्ये चमच्यांत न टाकता वेगळ्या फडक्यात ठेवायची. "दगड महिन्यातून चारदा लागतो, पुसणं रोज लागतं," म्हणायचे. आता माझी मुलं दात्यांची सुरी आणतात, तिला म्हणे कधी धार लावावीच लागत नाही. टोमॅटो कापते, खोटं कशाला बोलू. पण गुरुवारी संध्याकाळी दगडावरचा तो एकसारखा आवाज यायचा, त्याची आठवण आली की त्या सुरीकडे पाहवत नाही. मामांना जाऊन तीन वर्षं झाली.

आमच्याच रस्त्यावर इस्पितळातल्या डॉक्टरांची बायको वीणा राहायची. पुण्याची, जिभेला धार लावायची गरज नसलेली. चहाच्या टॉवेलात सुऱ्या गुंडाळून तीही गुरुवारी हजर.

"काका, यांचं बघा ना काहीतरी. आमचे डॉक्टर माणसं कापतात, पण घरातली सुरी पाव कापत नाही."

"पोरी, हिने तू नारळ फोडलास."

"छे हो!"

"मग डबा उघडलास."

मामा दगड भिजवायला लागले. "एक तरी कबूल कर. धार लावणाऱ्यापुढे आणि देवापुढे खोटं चालत नाही."

"डबा," वीणा म्हणाली, आणि आम्ही तिघंही हसलो.

पत्र आल्यावर मात्र मामा गुरुवारची वाट बघेनात. कारखान्यातून आले की कोंबड्यांची ती सुरी बाहेर काढत. वीतभर लांब, सरळ, टोक नसलेली. योएल नियमांचं पुस्तक धरून प्रश्न विचारत आणि मामा दगडावरची नजर न काढता उत्तरं देत. एकही चुकत नसे. त्यांनी सूट इस्त्रीला टाकला, न्हाव्याकडे जाऊन आले. एक दिवस मला सहज म्हणाले, "फोरमनला सांगितलं, बहुतेक मार्चपासून मी नसेन." मी मनातल्या मनात आमच्या पैगंबराला, एलियाहू हन्नाबीला, गोड पोह्यांच्या मलिद्याचा नवस बोलले.

मंगळवारच्या आधीचा रविवार. दुपारी मामांनी हाक मारली.

"झाली बघ. लोणी. तू एकदा नख लाव, म्हणजे मी फडक्यात बांधतो."

मी नख लावलं. पातं सरसर आलं, आणि मुठीपासून दोन बोटांवर टोचलं.

परत केलं. परत तिथेच.

मी मान खाली घातली. वाटलं, म्हणावं ठीक आहे. मंगळवारी रब्बींना लागली तर लागली, मी तरी सांगणारी होणार नाही. मामांचा चेहरा लग्नघरी निघालेल्या माणसासारखा होता. पण मग ते "त्या जिवाला कळतं" कुठे ठेवू? चौकटीवरच्या मेझुझाला, त्यातल्या देवाच्या वचनाला, मी रोज ह्याच बोटाने शिवत होते.

"मामा, इथे."

त्यांनी सुरी घेतली. नख फिरवलं. दुसरं नख. मग डोळे मिटून बोटाचं मांस.

"कुठे गं?"

मी त्यांचं बोट धरून जागेवर नेऊन ठेवलं. सासऱ्यांचा हात मी त्याआधी कधी धरला नव्हता. कातडी जाड, भेगाळलेली, नखं पिवळी आणि शिंगासारखी टणक झालेली.

"नाही लागत," ते म्हणाले. मग उठून खिडकीशी गेले, पात्यावर वाफ सोडली आणि उजेडात तिरकं धरलं. त्या ठिकाणी उजेडाची रेघ तुटली होती. ती त्यांनाही दिसली.

ते परत दगडाशी बसले. तासाभराने सुरी पुन्हा माझ्यापुढे. या वेळी कुठेच टोचलं नाही.

योएल दारात उभे राहून हे बघत होते. "पपा, इट्स फाइन नाऊ! मंगळवारी पास व्हाल. पुढे सिप्पोरा तपासेल घरी, तुम्ही कापा. कुणाला कळणार आहे?"

"एक कोंबडी कापली की दुसरीच्या आधी सुरी तपासायची असते, योएल. बायकोला तिथे खुर्ची टाकून बसवणार आहेस?"

"अहो पण—"

"मंगळवारी पास होईन. बुधवारी माझ्यापुढे पाखरू असेल आणि माझं बोट मुकं असेल."

योएल म्हणाले, मग त्यांना येऊ नका म्हणून फोन करतो. मामा म्हणाले, "नको. माझ्या तोंडाने सांगतो."

रब्बी आले तेव्हा त्यांच्या हॅटवर बर्फ होतं. मामा सूट घालून बसले होते. नियमांचे प्रश्न अर्धा तास चालले आणि रब्बींची मान डोलत राहिली. मग त्यांनी सुरी मागितली. मामांनी फडक्याची गाठ सोडली, पण पातं झाकलेलंच ठेवून म्हणाले, "सर, नाइफ इज गुड. माय फिंगर इज नॉट."

आणि कारखाना, तेलपाणी, रविवारची खाच, सगळं सांगितलं, तुटक इंग्रजीत, एकही गोष्ट न गाळता. रब्बींनी ऐकून घेतलं. मग स्वतः नख फिरवलं, फार वेळ, दोन्ही अंगांनी.

"ही कुणी पास केली?"

"माझ्या सुनेने."

मी दुधाशिवायचा चहा घेऊन उभी होते, तो त्यांच्यापुढे ठेवला.

रब्बी सुरी गुंडाळत म्हणाले, "हात खिशात लपवणारे खूप पाहिले मी. मला तुमच्यासारखाच माणूस हवा होता, मिस्टर मनाशे, आणि तुम्हीच मला नाही म्हणायला लावताय." चहा त्यांनी सगळा प्यायला. दारापर्यंत मामांनी पोचवलं.

परत येऊन टाय सोडता सोडता मामा खुर्चीत बसले.

"सिप्पोरा, तिकडे असतानाच तर गेलं नसेल ना गं हे बोट? शेवटच्या वर्षा-दोन वर्षांत?"

त्या वर्षांत मीही त्यांच्याच हातचं खाल्लं होतं.

"तिकडे चाक कुठे होतं, मामा? तिकडे नुसता दगड होता."

"हं," ते म्हणाले. "दगड होता." सोडलेला टाय घडी करून ठेवला. मग म्हणाले, "पण तू सांगितलंस ते बरं केलंस. तुझ्या जागी मी असतो तर कदाचित सांगितलं नसतं."

मी पदराने डोळे पुसले. ते उठले, फोरमनला द्यायची 'मी कामावर राहतोय, गुरुवारी तेवढी रजा द्या' अशी चिठ्ठी लिहायला योएलना बसवलं आणि माझ्याकडे कागद मागितला. जवळचा शोहेत महिनाअखेरीस गेला होता, तेव्हा इथल्या आपल्या लोकांच्या चार घरांची सोय बघायला हवी. कोणाला किती ते त्यांनी एकेकाला फोन करून विचारलं आणि लिहून घेतलं.

परवा, गुरुवारी, सकाळच्या सातच्या गाडीने मामांना लंडनच्या शोहेतकडून सहा कोंबड्या आणायला जायचं होतं.