ती माझ्या नखांतली माती नव्हती

"हात पुढे कर," डॉक्टर म्हणाले. बाकांवर वीसेक रुग्ण बसले होते. मी दोन्ही हात पुढे केले. बोटांना स्पर्श न करता, पेन्सिलीच्या टोकाने त्यांनी एकेक नख तपासले. "माती दिसत नाही. धुऊन आलास वाटतं. मग नमुन्याच्या काचेवर घाण आली कुठून? घरून?" कंपाउंडर हसला. मग बाक हसले.

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. मुलुंडमधील एका धर्मादाय नेत्र रुग्णालयात मी प्रयोगशाळेत काम करीत होतो. बौद्ध, कांजूरमार्गच्या वस्तीतला, पदवीधर. त्या रुग्णालयाच्या स्मरणिकेत आता छापून आले आहे की, एका रुग्णाच्या खऱ्या आजाराचा डॉक्टरांना वेळीच संशय आला. मी उद्धटपणा केला आणि नंतर माफी मागितली, असेही त्यात आहे. हे असत्य आहे. मी जिवंत असताना ते छापण्याचे धाडस झाले, याचे मला आश्चर्य वाटते.

रुग्ण होती देवळाबाहेर नारळ विकणारी एक मालवणी मावशी. तिचा एक डोळा लहानपणी देवीच्या साथीत गेलेला. नारळ सोलताना उरलेल्या डोळ्यात काथ्याची धस गेली आणि बुबुळावर जखम झाली. डॉक्टरांनी तो विषाणूचा आजार ठरवला, स्टेरॉइडचे थेंब सुरू केले आणि जखम खरवडून घेतलेला नमुना केवळ रीत म्हणून माझ्याकडे पाठवला. सूक्ष्मदर्शकाखाली मला फांद्या फुटलेले तंतू दिसले. बुरशी.

माझ्याच हातून काही लागले असेल, ही शंका डॉक्टरांच्या आधी मला आली होती. आपल्या स्पर्शाने वस्तू विटाळते असे लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला ती येतेच. म्हणून नमुन्यावर घातलेले तेच द्रावण घालून मी तीन कोऱ्या काचा तपासल्या. स्वच्छ होत्या. मगच अहवाल घेऊन डॉक्टरांकडे गेलो, आणि नखे दाखवत उभा राहिलो.

"शहरात कुठली बुरशी? ती शेतावर काम करणाऱ्यांना होते," असे म्हणून त्यांनी अहवाल फाडला. "काही आढळलं नाही, असं लिही. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

मी घाबरलो. घरी मिळवणारा मी एकटाच होतो. होय, ते मी लिहिले. स्मरणिकेत हे नाही. सांगायचे तर लिहायला कोणी लावले, हेही सांगावे लागले असते.

चौथ्या दिवशी मावशी प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. खुशीत. "माका बरा वाटता रे. लाली गेली, ठणको कमी झालो."

स्टेरॉइड हेच करते. लाली घालवते आणि आत बुरशीला रान मोकळे करून देते. मी बॅटरी धरली. पांढरा डाग पसरला होता, त्याच्या कडा पिसासारख्या. बुबुळामागे तळाशी पू साचला होता. भीती आता नोकरीची नव्हती. हा डोळा माझ्या अक्षराने जाणार होता.

अहवाल रुग्णाच्या हाती द्यायचा नाही, असा तिथला नियम होता. मी नवा अहवाल लिहिला. बुरशीचे तंतू आढळले. खाली पूर्ण नाव, आडनावासह. काच कापसात गुंडाळून अहवालासह तिच्या हातात दिली. "आजच मोठ्या सरकारी रुग्णालयात जा. हे थेंब टाकू नका."

ती चिडली. "डॉक्टर मोठो. तू कोण रे?"

"मी कोण ते राहू द्या, मावशी. आणखी एक डोळा आहे का तुमच्याकडे?"

तिने कागद पोलक्यात खोचला आणि ती निघाली.

तिची अर्धी नजर वाचली. अर्धीच. गमावलेल्या अर्धीत माझे चार दिवस आहेत. ते मी कुणावर ढकलत नाही.

दुसऱ्या आठवड्यात माफीचा टंकलिखित कागद माझ्यापुढे ठेवण्यात आला. "माझ्या निष्काळजीपणामुळे" अशी त्याची सुरुवात होती. पेनही त्यांनीच दिले. मी सही केली नाही. नोकरी गेली.

पुढे इतरत्र उभी हयात काचा पाहण्यात गेली. कुणाच्या सांगण्यावरून एक शब्दही पुन्हा बदलला नाही. आता स्मरणिकेच्या संपादकांनी माझ्या सहीचा तो माफीनामा दाखवावा. त्यांना तो सापडणार नाही. मी तो आजही लिहून देणार नाही.