दोन दारांची गाडी

दातांच्या डॉक्टरांच्या ड्रायव्हरने बावीस वर्षांत चार गाड्या चालवल्या. मागच्या सीटवरचा माणूस मात्र तोच राहिला. डॉक्टर त्याला सारथी म्हणत. आधी ते थट्टेत होतं, मग नावच पडून गेलं. बायकोसुद्धा भांडणात ‘अहो सारथी’ म्हणायची. मग आज प्रकरण साधं नाही हे त्याला कळायचं.

नवरा-बायको राहायचे डॉक्टरांच्या बंगल्यामागे, गॅरेजवरच्या दोन खोल्यांत. खाली गाडी, वर संसार. गाडी सुरू झाली की फळीवरची पातेली बारीक किणकिणायची. बायको शाळांचे गणवेश शिवायची आणि मुलगी दुसऱ्या गावी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. दोन्ही खोल्यांना भाडं नव्हतं. त्या नोकरीबरोबर आल्या होत्या आणि नोकरीबरोबर जाणार होत्या. हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण दोघांनाही पाठ होतं.

गाडी घ्यायची डॉक्टरांची एक रीत होती. डॉक्टर गाड्या बघून ठेवायचे. मग ड्रायव्हर एकटाच त्या चालवून यायचा. सोबत दलाल नाही, गाणी नाहीत, काचा खाली. परत आला की ‘घ्या’ किंवा ‘नको’, एवढंच. डॉक्टर कधी का म्हणून विचारत नसत आणि तो कधी कारण सांगत नसे. “माझ्या पेशंटनं मला कारण विचारलं असतं तर एकही दात काढून झाला नसता,” असं डॉक्टर म्हणायचे.

त्रेसष्टाव्या वर्षी डॉक्टरांनी दवाखाना अचानक बंद केला. लोक विचारायचे, एवढा चालता दवाखाना का हो बंद केलात. डॉक्टर म्हणायचे, “पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात डोकावलो. आता जरा रस्त्याकडे बघतो.” बाईसाहेब जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगा परदेशात. एकट्या माणसाला रिकामपण सुचलंय, असंच सगळ्यांना वाटलं.

पुढच्याच आठवड्यात डॉक्टर ड्रायव्हरला म्हणाले, “सारथी, नवी गाडी घ्यायचीय. नवी म्हणजे जुनीच, पण चांगली. दोन बघून ठेवल्यात. चल.”

जुन्या गाड्यांच्या दलालाकडे दोन्ही शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक जर्मन, राखाडी, चार दारांची. दार लावलं की आवाज कसला तो नाहीच. मागे बसलं की बाहेरचा रस्ता मुका व्हायचा. पळायलाही कमी नव्हती, पण ते अंगावर दिसू देत नव्हती. घरंदाज सुनेसारखी, दलाल म्हणाला. दुसरी अमेरिकन. लाल, लांब नाकाची, दोनच दारांची, हाताने गिअर टाकायची. मागे नावाला दोन जागा होत्या, शाळकरी पोरांनी पाय दुमडून बसावं अशा. दलालाने ती सुरू केली तशी ऑफिसातली कारकून बाई कानावर हात ठेवून बाहेर आली.

“आणि ही कोण?” ड्रायव्हरने विचारलं.

“ही सासूला उलट बोलणारी,” दलाल म्हणाला.

डॉक्टर हसले नाहीत. ते लाल गाडीभोवती दोनदा फिरले, टपावर हात ठेवून उभे राहिले. “कॉलेजात असताना हिचं चित्र मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं,” ते म्हणाले. “बाहेरून लावायची छाती नव्हती. वडील होते ना.” मग ड्रायव्हरकडे वळून म्हणाले, “ही घेतली तर मीच चालवीन म्हणतो. तू जरा आराम कर आता.”

ते मायेनेच म्हणाले होते. पण ‘आराम’ हा शब्द ड्रायव्हरने आधीही ऐकला होता. ज्याला घोड्यावर बसायची हौस असते, तो लगाम दुसऱ्याच्या हातात देत नाही. चौपन्नाव्या वर्षी त्याला कोण ठेवणार होतं? शेजारच्या बंगल्यातल्या ड्रायव्हरला असाच आराम मिळाला होता. तो आता एका मॉलच्या फाटकावर पहारेकरी म्हणून उभा राहून येणाऱ्या गाड्यांच्या डिक्क्या उघडून बघायचा. बघायचा आणि ‘जाऊ द्या’ म्हणायचा. दिवसभर हेच.

त्याने आधी जर्मन गाडी चालवली. बोट ठेवायला जागा नव्हती. मग लाल गाडी घेऊन तो गावाबाहेरच्या सरळ रस्त्याला लागला. पहिला, दुसरा, तिसरा गिअर. प्रत्येक आपल्या जागी असा जाऊन बसत होता, जणू त्याचाच हात ओळखून. इंजिनाची थरथर पाठीच्या मणक्यातून वर येत होती. दोन-तीन मैल तो कुणाचा ड्रायव्हर नव्हता. मग वळण आलं, त्याने गाडी वळवली, आणि परतताना सगळा रस्ता त्याला गॅरेजवरच्या दोन खोल्या दिसत राहिल्या.

“राखाडी घ्या, डॉक्टर,” उतरल्यावर तो म्हणाला. “ही नको. हिचा गिअरबॉक्स गेलाय. तिसऱ्यात टाकताना घासतो.”

बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याने कारण सांगितलं होतं, तेही न विचारता.

दलाल उसळला. “अहो मिस्त्री आणा, खोलून बघा. काय बोलताय तुम्ही?”

डॉक्टरांनी हात वर केला. “त्यानं सांगितलं ना. राखाडीचे कागद काढा.” लाल गाडीच्या टपावरचा दुसरा हात मात्र त्यांनी जरा उशिरानेच उचलला.

राखाडी गाडी आली. डॉक्टर मागे बसू लागले. ओळखीपाळखीच्या माणसांना मोठ्या अभिमानाने सांगायचे, “म्हातारचळ लागला होता मला. यानं वाचवलं. नाहीतर खटारा घेऊन बसलो असतो.” दरवेळी ड्रायव्हर मान खाली घालायचा, आणि लोकांना तो विनय वाटायचा.

वर्ष-सव्वा वर्षाने डॉक्टर पायऱ्यांवर अडखळू लागले. शेजारी ठेवलेला पेला त्यांच्या हाताने सांडायचा. एक दिवस त्यांनी डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. ड्रायव्हर तिथे पहिल्यांदाच जात होता, पण दारातल्या माणसाने डॉक्टरांना नावानिशी नमस्कार केला. आधी ते भाड्याच्या गाडीने एकटेच यायचे, हे त्याला तिथे कळलं.

आत तपासणी चालली होती. बाहेर नर्सने ड्रायव्हरच्या हातात औषधांची चिठ्ठी दिली. “तुम्ही भाऊ का त्यांचे?”

“ड्रायव्हर आहे.”

“अच्छा. म्हणजे आता तुम्हालाच सगळं बघावं लागणार. कडेचं दिसेनासं झालंय, मधलंही फार दिवस नाही.” मग ती जरा हसली. “दीड वर्षापूर्वी इथल्या मोठ्या डॉक्टरांना एकच विचारत होते. गाडी किती दिवस चालवता येईल? दिवसाउजेडी, मोकळ्या रस्त्यावर, फार तर एक वर्ष, असं सांगितलं होतं त्यांना. म्हणाले, वर्ष पुष्कळ झालं. एक गाडी आहे, तेवढी चालवतो आणि मग बसतो मागं.” तिने चिठ्ठीवर खूण केली. “चालवली का हो मग?”

ड्रायव्हरने चिठ्ठीची घडी घातली, उलगडली, परत घातली. “थेंब किती वेळा घालायचे?” त्याने विचारलं.

दुपारी जेवताना त्याने बायकोला सगळं सांगितलं. गिअरबॉक्सचंही. दीड वर्ष त्याने ते तिच्यापासूनही लपवलं होतं. ती ऐकत राहिली. तिच्या मांडीवर अर्धवट टाचलेली बाही तशीच होती.

“वर्षभर थांबला असतात तर नोकरी कुठं जात नव्हती,” ती शेवटी म्हणाली.

“मला काय माहीत?”

“विचारायचंत. बावीस वर्षं माणूस तुमच्या पाठीमागं बसला, तोंड उघडून एकदा विचारायचंत, की डॉक्टर, माझं काय.” मग तिचा आवाज उतरला. “मी तरी काय बोलते. ह्या खोल्यांत मीही राहतेच की.”

“आज सांगून टाकतो त्यांना.”

“काय सांगताय? तुमचं मन हलकं होईल. त्यांचं?” तिने बाही उचलली. “दिसत होतं तेव्हा गाडी चांगली नव्हती, एवढ्या समजुतीवर आहे तो माणूस. तीही काढून घ्या. अहो सारथी, आता हे ओझं तुमचं. दुसऱ्याच्या डिक्कीत टाकायचं नाही.”

हिवाळ्यापर्यंत डॉक्टरांना उजेड आणि सावली एवढंच उरलं. ते आता मागे न बसता पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसायचे. मागे बसून काय बघायचंय, म्हणायचे. रस्त्यावर काय काय दिसतं ते ड्रायव्हरने त्यांना सांगायचं: डावीकडे ट्रक, पुढे सायकलवाली बाई, कॅरिअरला दुधाचे कॅन. कधी त्याला वर्णन जमत नसे. डॉक्टर म्हणायचे, “अरे, बाई कशी आहे ते सांग, कॅन राहू दे.”

एका सकाळी गावाबाहेरचा सरळ रस्ता लागला. पुढे-मागे कुणी नव्हतं.

“मोकळा आहे?” डॉक्टरांनी विचारलं.

“मोकळा आहे.”

“मग दाब.”

त्याने पाय दाबला. राखाडी गाडी काही न बोलता पुढे झेपावली. डॉक्टरांची पाठ सीटला टेकली. त्यांच्या तोंडावर हसू आलं आणि उजवा हात आपसूक मधल्या दांड्याकडे गेला. तिथे ड्रायव्हरचा हात लागला तसा परत मांडीवर आला.

“किती?”

“एकशे चाळीस.”

“आवाजच नाही रे हिला.” थोडं थांबून म्हणाले, “ती कशी गेली असती?”

ड्रायव्हरने समोर बघितलं. “ओरडत गेली असती, डॉक्टर. पार मणक्यातून.”

डॉक्टरांनी मान डोलावली. मग म्हणाले, “गिअरबॉक्स धड असता तर.”

ड्रायव्हरचे ओठ हलले. बायको म्हणाली होती ते त्याला शब्दन् शब्द आठवत होतं, आणि तरी शेजारी बसलेला हा माणूस आता त्याचा चेहरा बघू शकत नाही, याचा क्षणभर त्याला आधार वाटला. त्या आधाराची त्याला जेवढी लाज वाटली, तेवढी त्या खोट्याचीही कधी वाटली नव्हती.

“हो,” तो म्हणाला. “धड असता तर.”

“पुढे काय आहे?”

“काही नाही. रस्ता आहे. दोन्ही बाजूंना शेतं.”

“मग हळू कशाला झालास?” डॉक्टर म्हणाले. “जाऊ दे.”